कंपनी विकली गेली, व्हेंटिलेटर अडकले

मार्च २०२०मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत व्हेंटिलेटर कमी पडू लागले, तेव्हा अमेरिकेत एक विसरले गेलेले प्रकरण पुन्हा समोर आले. ज्या स्वस्त, सुटसुटीत व्हेंटिलेटरचा साठा सरकारला करून ठेवायचा होता, त्याचे काम दहा वर्षांपूर्वीच सुरू झाले होते. ते कुठे अडले, हे समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे आहे.

सार्स आणि बर्ड फ्लूच्या अनुभवानंतर अमेरिकी आरोग्य खात्याने हिशेब मांडला, की मोठी साथ आल्यास हाताशी असलेले व्हेंटिलेटर पुरणार नाहीत. त्या वेळी एका यंत्राची किंमत साधारण १० हजार डॉलर होती. सरकारला ३ हजार डॉलरच्या आत बसणारे, फारसे प्रशिक्षण नसलेल्या कर्मचाऱ्यालाही हाताळता येईल असे यंत्र हवे होते. कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट मेडिकल इन्स्ट्रुमेंट्स या छोट्या कंपनीला २०१०मध्ये हे काम मिळाले. सुरुवातीची रक्कम सुमारे ६१ लाख डॉलर होती. २०११मध्ये कंपनीने तीन नमुना यंत्रे सरकारकडे पाठवलीही.

मे २०१२मध्ये कोविडियन या बड्या कंपनीने सुमारे १० कोटी डॉलर देऊन न्यूपोर्ट विकत घेण्याचे ठरवले. कोविडियन स्वतः महागडे व्हेंटिलेटर विकत होती. खरेदीनंतर या प्रकल्पावरील काही वरिष्ठ मंडळींना दुसरी कामे देण्यात आली, तर काहींनी नोकरी सोडली. नव्या मालकाने सरकारकडे जादा निधी आणि वाढीव किंमत मागितली. २०१४मध्ये, एकही यंत्र पुरवण्याआधी, कंपनीने करारातून मोकळे करण्याची विनंती केली आणि सरकारने ती मान्य केली. पुढच्याच वर्षी मेडट्रॉनिकने सुमारे ५० अब्ज डॉलरला कोविडियनच विकत घेतली.

स्वस्त स्पर्धक नको म्हणून न्यूपोर्ट विकत घेतली गेली, असा संशय काही सरकारी अधिकारी आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनी व्यक्त केला. कंपनीने तो फेटाळला. न्यूपोर्टचे नमुने सरकारच्या अटी पूर्ण करू शकले नसते, असे तिचे म्हणणे होते. खरे काय, हे बाहेरून ठरवणे कठीण. परिणामाबद्दल मात्र वाद नाही. नवे कंत्राट २०१४मध्ये फिलिप्सकडे गेले, त्या यंत्राला मान्यता मिळायला जुलै २०१९ उजाडला आणि साथ आली तेव्हा साठ्यात त्यातले एकही नव्हते.

औषध उद्योगातील अशा खरेदींचा एक अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे ५ ते ७ टक्के खरेदी भावी स्पर्धक औषध मध्येच थांबवण्यासाठी होतात. म्हणजे बहुतेक खरेदींमागे असा हेतू नसतो. पण हेतू वाईट नसला तरी नुकसान होऊ शकते. वैद्यकीय उपकरण म्हणजे केवळ आराखडा नव्हे. अमुक झडप का बदलली, कोणता अलार्म चाचणीत विनाकारण वाजत होता, कुठल्या सुट्या भागाने दगा दिला, हे कागदावर थोडे आणि माणसांच्या डोक्यात जास्त असते. कंपनी विकली जाते तेव्हा इमारत, पेटंट आणि फाइली नव्या मालकाकडे जातात. अनुभवी अभियंता दुसऱ्या विभागात गेला किंवा घरी बसला, की त्याच्याबरोबर ते ज्ञानही जाते. सहा महिन्यांचे काम मग दोन वर्षांचे होते.

भारतात असे घडले तर? मोठ्या खरेदी-विक्रीला भारतीय स्पर्धा आयोगाची मंजुरी लागते. सप्टेंबर २०२४पासून २ हजार कोटी रुपयांहून मोठ्या व्यवहारांसाठी, कंपनीचा भारतात पुरेसा कारभार असल्यास, ही अट लागू झाली आहे. न्यूपोर्टची किंमत आजच्या दराने त्याच्या निम्मीही भरत नाही. एवढ्या छोट्या कंपनीची विक्री आयोगाच्या नजरेतून सहज सुटू शकते. शिवाय आयोग बाजारातील स्पर्धा पाहतो. रुग्णालयाला हवे असलेले यंत्र वेळेवर मिळेल का, हे पाहणे त्याचे काम नाही.

ते काम खरेदीदार म्हणून सरकारलाच करावे लागेल. सार्वजनिक पैशातून उपकरण विकसित होत असेल, तर मालक बदलला तरी मुदत बंधनकारक राहील आणि प्रकल्प सोडल्यास आराखडा व चाचण्यांची कागदपत्रे सरकारकडे येतील, हे करारातच लिहिलेले हवे. तयार यंत्रे घेतानाही सुटे भाग आणि देखभाल किती वर्षे मिळणार, याची हमी नव्या मालकावर लागू असावी. कंपनीच्या नावाची पाटी बदलली, म्हणून अतिदक्षता विभागातले यंत्र बंद पडता कामा नये.