पाण्यावर मोटार चालेल काय?

आमच्या एका वाचकबंधूंनीं पत्रद्वारें विचारिलें आहे : घरची जुनी मोटार बदलावयाची आहे, परंतु तरुण मंडळी म्हणतात, थोडें थांबावें, आतां पाण्यावर चालणारी हायड्रोजनची गाडी येणार. तर थांबावें कीं थांबूं नये? हाच प्रश्न हल्लीं अनेक घरीं निघत असल्यामुळें उत्तर येथेंच देतों.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. शाळेंत जस्तावर आम्ल ओतून हा वायु नळींत धरीत, तो प्रयोग पुष्कळांस आठवत असेल. जळती काडी नेतांच 'पट्' असा आवाज होई व नळीच्या आंत दंव जमे. तें दंव म्हणजेच पाणी. हायड्रोजन या ग्रीक नांवाचा अर्थच मुळीं 'पाणी उत्पन्न करणारा' असा आहे. अर्थात् पाणी हें इंधन नव्हे. तें जळून गेलेल्या इंधनाची राख आहे, आणि राख पुन्हां जळत नाहीं.

गाडीची रचना मात्र खरोखर कौतुकास्पद आहे. टोयोटा कंपनीची 'मिराई' २०१४ सालीं जपानांत विक्रीस आली. तिच्या टाक्यांत हा वायु हवेच्या दाबाच्या सुमारें ७०० पट दाबानें भरतात. इंधनघटांत त्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन वीज निघते, त्या विजेवर चाकें फिरतात, आणि मागें नळींतून केवळ पाणी पडतें. टाक्या पांचसहा मिनिटांत भरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतही देशी बनावटीच्या घटावर चालणाऱ्या मोटारीची चांचणी २०२० सालीं झाली.

पण हा वायु आणावयाचा कोठून? आज जगांत तो बहुतांशीं नैसर्गिक वायु व कोळसा यांपासून काढतात, आणि त्यांत कर्बवायु सुटतो. म्हणजे आपल्या घरचा धूर शेजाऱ्याच्या अंगणांत सोडण्यासारखेंच झालें! पाण्यांतून विजेनें वेगळा केला, तर एका किलोग्रॅमास ५० ते ५५ युनिट वीज खर्चावी लागते. तेवढ्यावर मिराई शंभर किलोमीटरांच्या थोडी पुढें जाते. तीच वीज तशाच मोठ्या गाडीच्या बॅटरींत सरळ भरली, तर अंतर दुपटीहून अधिक कांटतें. वीज कोळशाची असेल तर दोन्हीकडे धूर आहेच. परंतु हायड्रोजनच्या वाटेनें तो अधिक.

शिवाय पंप हवेत. कॅलिफोर्नियांत शेल कंपनीनें मोटारींसाठीं असलेले आपले हायड्रोजन-पंप २०२४ सालीं बंद केले. आपल्या सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें हरित हायड्रोजनची योजना मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षास ५० लाख टन उत्पादनाचें तिचें उद्दिष्ट आहे. खतें व पोलाद यांच्या कारखान्यांत त्याचा उपयोग मोठा, कारण तेथें बॅटरीनें काम भागत नाहीं. जें कष्टानें मिळतें तें जेथें दुसरा इलाज नाहीं तेथें आधीं द्यावें, हा तर घरांतलाच न्याय आहे.

सारांश, वाचकबंधूंनीं या गाडीसाठीं थांबूं नये. मात्र तरुणांचें म्हणणें हंसण्यावारीही नेऊं नये. त्यांस श्वास घेण्याजोगी हवा हवी आहे, आणि ती हवा आपणच बिघडविली आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वांनीं मिळून कागदावर हिशेब मांडावा : आपल्या घरीं रोज किती अंतर जावें लागतें, त्यास कोणती गाडी पुरेल, आणि त्यांतील किती फेऱ्या पायीं किंवा बसनें होतील. या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर वडील मंडळींनीं प्रथम द्यावें, अशी आमची विनंती आहे.