दाखल्याची मुदत आणि विलंबाचा भार

अमेरिकेतील जोडीदाराकडे कायमच्या वास्तव्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीला जी कागदपत्रे सादर करावी लागतात, त्यांत पोलीस दाखला महत्त्वाचा असतो. अर्जदाराचे वय सोळा वर्षे वा अधिक असेल, तर तो आवश्यक ठरतो. भारतीय नागरिकाला हा दाखला पारपत्र कार्यालयाकडून मिळतो. २८ सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतील पारपत्र सेवा केंद्रांतही त्यासाठी अर्ज करण्याची सोय झाल्याने लहान शहरांतील अर्जदारांची पायपीट काहीशी वाचली. दाखला मिळणे असे सुलभ झाले. तो योग्य वेळी हाती असणे मात्र अद्याप सुलभ झालेले नाही.

अमेरिकी नियमानुसार पोलीस दाखला दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. त्याला अपवाद एकच. पूर्वीच्या वास्तव्याच्या देशातून दाखला घेतल्यानंतर अर्जदार तेथे परतला नसेल, तर त्या दाखल्याला ही मुदत लागू होत नाही. रत्नागिरीचा एखादा तरुण आखातात तीन वर्षे नोकरी करून परतला असेल, तर त्याला तेथील दाखलाही द्यावा लागतो. कारण सोळाव्या वर्षानंतर जेथे बारा महिने वा अधिक वास्तव्य झाले, त्या देशाचा दाखला आवश्यक असतो. मात्र तो तेथे पुन्हा गेला नसल्यास तो दाखला कालबाह्य होत नाही. हे तर्काला धरूनच आहे. जेथे माणूस गेलाच नाही, तेथील त्याच्या वर्तनात नवी भर पडत नाही. स्वदेशातील जीवन मात्र चालूच असते. म्हणून येथील दाखला जुना होतो.

प्रश्न मुदतीचा नसून ती कोणाच्या विलंबामुळे संपते, हा आहे. कागदपत्रे प्रथम राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडून तपासली जातात; नंतर वकिलातीतील मुलाखतीची प्रतीक्षा सुरू होते. अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक संख्यामर्यादा नाही. केवळ स्थायी निवासाचा हक्क असलेल्याच्या जोडीदाराला ती आहे. साहजिकच दुसऱ्याची रांग लांबते. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे जगभरच्या अमेरिकी वकिलातींतील नित्याचे व्हिसाकाम थांबले, तेव्हा दाखल्यांवरील तारखा मात्र थांबल्या नव्हत्या.

दाखल्याचे शुल्क पाचशे रुपये आहे. परंतु खरा खर्च शुल्कात नसतो. बुडालेली रजा, पुन्हा होणारी पोलीस पडताळणी आणि मुलाखतीनंतर अडकून पडलेल्या प्रकरणामुळे लांबणारी पतिपत्नींची ताटातूट, हा तो खर्च होय. विलंब एकाने करावा आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजावी, अशी रचना असेल, तर विलंब घटवण्याची निकड कोणालाच भासत नाही.

सुरक्षिततेसाठी ताजा दाखला मागण्याचा हक्क कोणत्याही राष्ट्राला आहे. तथापि मुलाखतीची तारीख कळवतानाच, त्या दिवशी कोणता दाखला कालबाह्य झालेला असेल हे कळवणे आणि नवा मिळवण्यास पुरेसा अवधी देणे, ही अपेक्षा अवाजवी नाही. तोवर अर्जदारांनी परदेशातील दाखल्याच्या मागे लवकर लागावे आणि स्वदेशातील दाखला अकारण फार आधी काढू नये, यातच शहाणपण आहे.