विश्रामबागेतून हिंजवडीला जाताना

नाव विश्रामबाग, आणि प्लेसमेंटचा मोसम आला की सगळ्यात कमी विश्राम इथेच! एकीकडे 1919 पासूनचं विलिंग्डन, दुसरीकडे 1947 पासूनचं वालचंद. चहाच्या टपरीवर विषय एकच, 'पॅकेज किती?' त्या पॅकेजमागे दिवसाचे तास किती, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारायला हवं. का, ते बघू.

अ‍ॅना सेबॅस्टियन पेरायिल हे नाव तुम्ही ऐकलं असेल. कोचीची मुलगी, वय 26, सीए झालेली. मार्च 2024 मध्ये ती पुण्यात ईवाय कंपनीत रुजू झाली आणि 20 जुलैला गेली. कामाच्या ताणानं तिचा जीव घेतला, असं तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं. सप्टेंबरमध्ये ते पत्र देशभर फिरलं. मृत्यू कामाच्या ताणामुळे झाला हे कंपनीनं मान्य केलं नाही. पण राज्याच्या कामगार विभागाच्या पाहणीत वेगळीच गोष्ट पुढे आली: त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. हाच कायदा आठवड्याला 48 तासांची मर्यादा घालतो. म्हणजे मर्यादा कागदावर, आणि कार्यालय त्या कागदावरच नाही.

त्यानंतर वारं कुठल्या दिशेला वाहिलं, तेही बघा. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं 20 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी दिवसाचे 9 तास 10 वर न्यायला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 125 वरून 144 तास करायला मंजुरी दिली. त्याआधी नारायण मूर्तींचे 70 तास आणि एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचे 90 तास गाजून झालेच होते. उलट बाजूनं सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत आधी 2018 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये मांडलं. खासगी विधेयकं बहुधा कायदा होत नाहीत, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

आता जरा शब्दाकडे येऊ. बर्नआउट म्हणजे नुसतं दमणं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये त्याची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटणं. आणि त्याला आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं. हा फरक महत्त्वाचा आहे. दोष तुमच्या मनाच्या दुबळेपणात नाही, कामाच्या रचनेत शोधा, असा त्याचा अर्थ. म्हणूनच शुक्रवारी योगाचा तास आणि शनिवारी रात्री अकराला मीटिंग, असले उपाय फसतात.

रचना म्हणजे काय? कॉलेजचं गॅदरिंग आठवा. पोस्टर तयार, पण सेक्रेटरीनं 'ओके' म्हटलेलं नाही. मग सरांची सही. मग प्रायोजकाचा लोगो बदलला, पुन्हा पहिल्यापासून. दोघं रात्रभर जागतात, आठ जण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'काय झालं रे?' विचारत बसतात. काम अवघड नसतंच. वाट बघणं, पुन्हा करणं आणि कुणी काय करायचं हेच न ठरणं, यानं जीव जातो. ऑफिसात हेच घडतं, फक्त एसीमध्ये.

यातलं एक गणित साधं आहे. टीम आठवड्याला पाच कामं उरकते आणि हातात वीस घेतलीत, तर नव्या कामाला सरासरी चार आठवडे लागणार. दहाच हातात ठेवलीत तर दोन. माणसं तीच, तासही तेच! जॉन लिटल यांनी 1961 मध्ये हा नियम सिद्ध केला, आणि टोयोटाच्या कारखान्यांतली कानबान पद्धतही याच वाटेनं जाते: आधीचं सरकल्याशिवाय नवं आत घ्यायचं नाही. आपल्याकडे 'आधी घेऊन तर ठेव' म्हणतात, आणि मग सगळंच अर्धवट पडतं.

जपानपर्यंत जायचीही गरज नाही. मुंबईचे डबेवाले बघा. डब्यावरच्या खुणेतच कुठे उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर हे सगळं असतं, विचारायला फोन लागत नाही. एका माणसानं किती डबे न्यायचे, हे ठरलेलं. गटात काही माणसं जादा ठेवलेली असतात, कुणी आजारी पडलं तर त्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर येत नाही. आणि गावच्या जत्रेला सगळे मिळून सुट्टीवर जातात, गिऱ्हाईक त्याप्रमाणे सोय करतं. एमबीएवाल्यांना तिथल्या अचूकपणाचं कौतुक. मला त्या जादा माणसांचं जास्त वाटतं, कारण कंपन्या खर्च कापताना पहिली कात्री तिथेच लावतात.

हे सगळं बदलणं नव्या पोराच्या हातात कुठे असतं, असं म्हणाल. खरंय, फार नसतं. पण इंटरव्ह्यूत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणतात, तेव्हा आपण 'नो सर' म्हणून उठतो. त्याऐवजी विचारा: माझं काम कोण ठरवणार, एक जण की चौघं? दोन कामं एकदम तातडीची आली तर आधी कुठलं, हे कोण सांगतं? टीममधला एखादा सुट्टीवर गेला की त्याचं काम कोण बघतं? याआधी या जागेवर कोण होतं आणि ते का गेले? उत्तर देताना समोरचा हसून विषय बदलतो की सरळ सांगतो, तेवढं बघा. आणि त्याच कंपनीत दोन वर्षं काढलेला आपल्याच कॉलेजचा सीनियर दिवाळीला सांगलीत येतो, त्याला टपरीवर गाठा. पॅकेजचा आकडा तुम्हाला माहीतच आहे. तो रात्री किती वाजता जेवतो, ते विचारा.