ग्लासावर रेघ कुठाय?

उसाचा काटा मारला की आपण कारखान्याच्या गेटवर जाऊन बसतो. मोंढ्यात सोयाबीनच्या कट्ट्यामागे जास्तीची कट्टी धरली की आडत्याशी हमरीतुमरीवर येतो. दुधाचं माप, पंपावरचं मीटर, रेशनचा तराजू, यावर गावात सारखी ओरड असते आणि ती असायलाच पाहिजे. एका मापावर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. बारमधलं माप.

'मुकुंदराज-दासोपंतांच्या गावात हा काय विषय काढला?' असं म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सातनंतर गावाबाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्यानं एक चक्कर मारून यावं. मग बोलू.

विषय डोक्यात आला तो पुण्याच्या एका बिलावरून. माझा भाचा तिकडं आयटीत आहे. मामासोबत बसायला अजून लाजतो, पण बिलाचा फोटो दाखवायला लाजला नाही. तीन मित्र, प्रत्येकी दोन-दोन ग्लास क्राफ्ट बीअर, थोडं खायला, आणि आकडा असा की आपल्याकडं त्यात महिन्याचा किराणा भरला असता. मी त्याला म्हटलं, 'बाबा, एका ग्लासात किती येते?' तो म्हणाला, 'मामा, ते काय लिहिलेलं नसतं. ग्लास म्हणजे ग्लास.' मग त्यानं मेन्यूचा फोटो पाठवला. बीअरचं नाव, अल्कोहोल किती टक्के, चव कशी, कुठल्या देशाचं हॉप्स, कुठल्या गावचा आंबा, सगळं लिहिलंय. चार-चार ओळी. किती एमएल, हे कुठंच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्राफ्ट बीअर म्हणजे मोठ्या कारखान्यातली नव्हे, तर छोट्या भट्टीत थोडी थोडी बनवलेली. पुण्यात २००९ साली डूलली सुरू झाली, तिथून महाराष्ट्रात हे लोण आलं. मुंबईत २०१४ च्या सुमारास गेटवे आली, आता तर पुण्या-मुंबईत अशी ठिकाणं भरपूर झालीत. यातल्या काही बीअर एकदाच बनतात, एखाद्या हंगामापुरत्या, किंवा लाकडी पिंपात महिनोन्‌महिने मुरवलेल्या. पिंप संपलं की संपली.

अशी बीअर महाग असणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माल्ट महाग, हॉप्स बहुतेक परदेशातून येतं, ताजी बीअर टिकत नाही, नळीत आणि फेसात काही वाया जाते. तेज बीअर छोट्या ग्लासात देतात तेही बरोबर. दहा टक्क्यांची बीअर अर्धा लिटर प्यायची गोष्टच नाही. म्हणजे ग्लास लहान आहे आणि दर मोठा आहे, या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. मान्य नाही ते ग्लासाचा आकडा न सांगणं.

का, ते हिशेबानं बघा. समजा एक बीअर ३३० एमएलच्या ग्लासात ३५० रुपयांना आहे. म्हणजे १०० एमएलला १०६ रुपये. तीच ५०० एमएलला ४७५ रुपयांत असेल तर १०० एमएलला ९५. आणि 'चाखून बघा' म्हणून १२० एमएलचा छोटा ग्लास १८० रुपयांना दिला, तर १०० एमएलला १५० पडले. चाखायला म्हणून जे सगळ्यात स्वस्त वाटतं तेच सगळ्यात महाग. आता यात फेस धरा. ग्लास काठोकाठ भरला तर ३३० बसते, पण वर दोन बोटं फेस असेल तर खाली २८० च्या आसपास बीअर उरते. दर गेला १०६ वरून १२५ वर. मेन्यूवर एक आकडाही बदलला नाही.

आता कायद्याचं. दुकानात छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, हे आपल्याला पाठ आहे. पण हॉटेल आणि बारला ते लागू नाही. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं की हॉटेलात बाटली विकणं म्हणजे नुसती विक्री नव्हे, त्यात बसायची जागा आहे, वाढणं आहे, सेवा आहे. त्यामुळं छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तरी चालतं. बऱ्याच जणांना हा निकाल अजून माहीत नाही, आणि बिलावरून वेटरशी भांडतात. त्या गरिबाला काय भांडता!

म्हणजे दराचं स्वातंत्र्य मालकाला आहे. पण मापाचं नाही. वैधमापन कायदा २००९ चा आहे. जेवढ्याचे पैसे घेतले किंवा जेवढं द्यायचं ठरलं त्यापेक्षा कमी देणं हा त्यात गुन्हा आहे. गंमत इथंच आहे. मेन्यूवर 'एक ग्लास' एवढंच लिहिलं असेल, तर ठरलं काय होतं? काहीच नाही. मग कमी दिलं हे सिद्ध कशावरून करणार? आकडा न लिहिण्यात केवढी सोय आहे ती ही.

तुम्ही म्हणाल, हे पुण्याचं झालं, अंबाजोगाईत कुठं क्राफ्ट बीअर? बरोबर. आपल्याकडं ६५० एमएलची सीलबंद बाटली येते, त्यावर सगळं छापलेलं असतं. पुष्कळशी आपल्याच मराठवाड्यातली, संभाजीनगरच्या एमआयडीसीत भरलेली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा याच कारखान्यांचं पाणी किती कापायचं यावर औरंगाबाद खंडपीठात टक्क्यांचा हिशेब झाला होता. पाण्याचा हिशेब कोर्टात होतो आणि त्याच पाण्याचा माल ग्लासात आला की हिशेब संपतो, असं आहे.

आपल्या पिणाऱ्यानं यावर स्वतःचा उपाय फार पूर्वीच काढलाय. तो पेग मागवतच नाही. तो म्हणतो, 'क्वार्टर आण, अन्‌ सील माझ्यासमोर तोड.' १८० एमएल, नाहीतर नाईंटी. झाकण टेबलावर कडकन्‌ फुटलं पाहिजे. याला लोक गावठीपणा म्हणतात. मला तर हा फार शहाणपणाचा व्यवहार वाटतो. माप कारखान्यानं केलंय, बारवाल्यानं नाही, आणि पुरावा समोर आहे. पुण्यातल्या इंजिनिअर पोरांकडं हा उपाय नाही, कारण नळाच्या बीअरला सील नसतं. म्हणजे बघा, आपला क्वार्टरवाला ग्राहक त्यांच्यापेक्षा जास्त सुरक्षित आहे.

पण आता आपल्याकडंही एसी लागले, 'फॅमिली' सेक्शन झाले, आणि पेगनं मागवणारे वाढले. स्मॉल म्हणजे ३० एमएल, लार्ज म्हणजे ६०. हे पितळी किंवा स्टीलचं माप वैधमापन निरीक्षकानं तपासून शिक्का मारलेलं असावं लागतं, आणि ठरलेल्या मुदतीनं पुन्हा तपासावं लागतं. मागच्या महिन्यात मेडिकलमधून औषध मोजायचा प्लास्टिकचा कप घेतला, दहा रुपयांचा, आणि तीन ठिकाणी बसलो. नावं लिहीत नाही. दोन ठिकाणी माप चोख निघालं, त्यांना मानलं. तिसऱ्या ठिकाणी बर्फ आधीच टाकून ग्लास आला. बर्फाशिवाय पुन्हा मागवला तर कपात २६-२७ च्या वर जाईना. माप दाखवा म्हटलं तर काउंटरवरचा म्हणाला, 'साहेब, आमचा हातच माप आहे.'

तीन एमएलनं काय होतं? ७५० एमएलच्या खंब्यात ३० एमएलचे २५ पेग निघतात. २७ एमएलनं ओतले तर जवळपास २८ निघतात. दिवसाला दहा खंबे फुटत असतील तर २७ पेग फुकटचे. पेगला शंभर रुपये धरले तरी दिवसाचे २,७००, महिन्याचे ८१,०००. हा नुसता हिशेब आहे, कुणा एकावर आरोप नाही. पण हात हेच माप असलं की हात कुणाच्या बाजूनं थरथरतो ते सांगायला नको.

मालकांची बाजूही ऐकली. एक ओळखीचे परमिट रूमवाले म्हणाले, 'दादा, तुम्ही मापाचं बोलता, आमच्या गळ्याचं माप कोण घेतंय?' त्यांचं खोटं नाही. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये लायसन फी १५ टक्क्यांनी वाढली, आणि त्याच वर्षी सरकारनं विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तीनपटीवरून साडेचारपट केलं. १८० एमएलची साधी विदेशी किमान २०५ रुपयांवर गेली. १४ जुलै २०२५ ला राज्यभर बार बंद ठेवून त्यांनी निषेध केला, तो तुम्हाला आठवत असेल (काहींना तर फारच आठवत असेल). कर वाढला तर दर वाढवा. सुप्रीम कोर्टानं तेवढी मोकळीक दिलेलीच आहे. दर वाढवला की गिऱ्हाईकाला दिसतो, तो ठरवतो बसायचं की उठायचं. माप घटवलं की त्याला दिसत नाही. यात मला फरक वाटतो, आणि त्या ओळखीच्या मालकांनाही तो पटला. चहाचं बिल मात्र त्यांनी मला भरू दिलं नाही, हेही लिहून ठेवतो.

मग तक्रार का होत नाही? कारण आपल्याकडं पिणारा अर्धा गुन्हेगार असतो. 'परमिट रूम' हा शब्दच बघा. आपल्या राज्याचा दारूचा मूळ कायदा १९४९ चा आणि तो दारूबंदीचा कायदा आहे. पिणाऱ्याकडं परवाना पाहिजे, म्हणून परवान्यावाल्यांची खोली. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. बसलेल्यांपैकी कितीजणांच्या खिशात असतो, ते तुम्ही जाणता. असा माणूस निरीक्षकाकडं जाऊन काय सांगणार, मला तीन एमएल कमी दिली? घरी कळलं तर? उत्पादन शुल्कवाले लायसन आणि महसूल बघतात, माप दुसऱ्या खात्याकडं, आणि गिऱ्हाईक तोंड झाकून बसलेलं.

एका शिक्षक मित्राचं म्हणणं, 'कमी मिळतेय ते बरंच की, कमी पितील.' हे बोलायला सोपं आहे. कमी मिळालेला माणूस घरी जात नाही हो, तो पुढचा पेग सांगतो. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. स्वारातीच्या ओपीडीत काविळीचा पेशंट आला की डॉक्टर विचारतात, 'रोज किती घेता?' पेशंट सांगतो, दोन पेग. कोणते दोन? शिक्क्याच्या मापाचे की हाताच्या मापाचे? दोन ग्लास बीअर म्हणजे पाच टक्क्यांचे ३३० चे दोन, की आठ टक्क्यांचे ५०० चे दोन? पहिल्यात शुद्ध अल्कोहोल ३३ एमएल, दुसऱ्यात ८०. दोन्हीला आपण 'दोन ग्लास' म्हणतो. गाडीची किल्ली उचलताना 'दोनच तर घेतल्या' म्हणणाराही याच हिशेबात फसतो. ज्याला कमी प्यायचंय त्याला तर माप सगळ्यात आधी कळलं पाहिजे.

बाहेर देशात हे भांडण जुनं आहे. जर्मनीत म्युनिक शहरात १८९९ साली लोकांनी कमी ओतण्याविरुद्ध चक्क संघटना काढली होती. तिथं ग्लासावर मापाची रेघ असते, बीअर रेघेपर्यंत आणि फेस तिच्या वर. ब्रिटनमध्ये नळाची बीअर पाइंट, अर्धा पाइंट अशा ठरलेल्या मापातच विकता येते, पाइंट म्हणजे ५६८ एमएल. फेस मापात धरायचा की नाही यावर तिथं अजून वाद घालतात. आपण अजून आकड्यापर्यंतच आलो नाही.

मागणी लांबलचक नाही. दरपत्रकावर दराशेजारी एमएल लिहा. नळाची बीअर देणाऱ्यांनी ग्लासावर रेघ मारा, आणि १०० एमएलचा दर लिहिला तर उत्तमच. पेग मापानंच ओता, गिऱ्हाईकाच्या नजरेसमोर. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप मागितलं तर दाखवावं लागतं ना? मग शिक्क्याचं पेगमाप काउंटरवर ठेवायला काय हरकत आहे? यात मालकाचा एक रुपया जात नाही, जर तो आधीच चोख असेल तर.

आणि बसणाऱ्यांनो, 'कितीची आहे?' याच्या जोडीला 'किती आहे?' एवढं विचारायला शिका. बर्फ वेगळा मागा. बिल घ्या. तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथं घरच्यांना कळवत नाहीत.

अंबाजोगाई तालुक्यातल्या किती परमिट रूमची पेगमापं गेल्या तीन वर्षांत तपासली, किती ठिकाणी कमी भरली, काय कारवाई झाली, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी सोमवारी वैधमापन खात्याच्या बीड कार्यालयाकडं टाकतोय. उत्तराला कायद्यानं तीस दिवस आहेत. आलं की इथंच टाकतो, नाही आलं तर अपिलाची तारीख टाकतो.