पडद्यामागील कलह आणि मालिकेची लोकप्रियता

शेजारच्या घरातील भांडण जितके गोड लागते, तितकेच नटमंडळींचेही लागते. संध्याकाळच्या गाडीने दमूनभागून डोंबिवलीस उतरलेला गृहस्थदेखील मालिकेच्या कथेपेक्षा तिच्यातील नटाच्या वादाविषयी अधिक उत्साहाने बोलतो. परंतु अशा गवगव्यास लोकप्रियता म्हणावे काय?

स्टार प्रवाह वाहिनीवरील ‘मुलगी झाली हो’ ही मालिका घ्या. जानेवारी २०२२ मध्ये तीतून किरण माने यांस काढण्यात आले. आपल्या राजकीय लिखाणामुळे हे घडले, असे त्यांचे म्हणणे. सहकलावंत स्त्रियांशी गैरवर्तन हे कारण निर्मात्यांकडून सांगण्यात आले, व ते माने यांनी नाकारले. लगोलग दोन तट पडले. मालिकेचा एकही भाग न पाहिलेले लोक न्यायाधीश झाले. (आमच्या शिक्षकांच्या खोलीतही निवाडा झालाच!)

पुढे विलास पाटलांची भूमिका दुसऱ्या नटाने केली आणि मालिका वर्षाहून अधिक काळ चालली. माने त्याच वर्षी ‘बिग बॉस मराठी’त गेले व अखेरच्या तिघांत पोहोचले. तेथे कलह हाच विक्रीचा माल. त्यास गिऱ्हाईक मिळाले. मालिकेकडे प्रेक्षक परतला तो मात्र बापास नकोशा झालेल्या मुक्या माऊसाठी, असे आमचे मत आहे. ती भूमिका दिव्या पुगांवकर यांनी केली. त्या वादाच्या दिवसांत त्यांच्या अभिनयाविषयी कोणी चकार शब्द काढलेला आमच्या कानी आला नाही.