रोडस्टर, खारी हवा आणि कळंबोलीचा वेल्डर

किट स्पोर्ट्स कार ही सुट्या भागांच्या संचातून जोडलेली हलकी, बहुधा दोन आसनांची मोटार असते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर फायबरची बॉडी आणि दुसऱ्याच एखाद्या मोटारीचे इंजिन अशी तिची मांडणी. या घाटाचा उगम कॉलिन चॅपमन यांच्या लोटस सेव्हनमध्ये आहे. ती १९५७ साली इंग्लंडमध्ये आली आणि १९७३ साली तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले. रायगड जिल्ह्याला हा घाट परका नाही. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने याच वळणाची ‘रोडस्टर १.८ एस’ बनवली. तिला दारे नाहीत, पुढची चाके बॉडीबाहेर उघडी आहेत आणि इंजिन इसुझूचे १.८ लिटरचे आहे. हेच इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसा क्लासिकमध्ये आणि अ‍ॅम्बॅसॅडर १८०० आयएसझेडमध्येही होते.

इंजिन दुसऱ्याच गाडीचे, या एका तपशिलावर अशा गाडीचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. किट कारचा स्पेअर पार्टचा कॅटलॉग दुकानात मिळत नाही, कारण तिचा प्रत्येक भाग कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा असतो. क्लच प्लेट एका गाडीची, ब्रेक दुसऱ्या गाडीचे, दिवे तिसऱ्याच गाडीचे. म्हणून मालकाकडे पान्यांच्या आधी एक नोंदवही हवी. कोणता भाग कोणत्या मॉडेलचा आणि कोणत्या वर्षाचा, ऑइल सील व बेअरिंगवर कोणता नंबर छापला आहे, फॅनबेल्टची लांबी किती, हे सगळे तिच्यात असावे. भाग खोलला की आधी नंबर लिहावा, मग तो पुसून साफ करावा. काँटेसाचे उत्पादन २००२ साली थांबले, अ‍ॅम्बॅसॅडरचे २०१४ साली. त्यामुळे इसुझूचे सामान आता कुर्ल्याच्या भंगार बाजारातून किंवा जुन्या टॅक्सीच्या मिस्त्रीकडून शोधून आणावे लागते. हातात नंबर असला तर काम तासाभरात होते. तो नसला तर नमुना घेऊन दुकानामागून दुकान पालथे घालावे लागते.

अशा गाडीच्या दुरुस्तीला पनवेलजवळच्या कळंबोलीइतकी सोयीची जागा आसपास दुसरी नाही. लोखंड-पोलाद बाजार येथेच आहे, ट्रकची गॅरेजे आहेत, लेथवाले, पाटेवाले, रेडिएटरवाले हाकेच्या अंतरावर आहेत. जो बुश कुठेच मिळत नाही तो लेथवर कातून मिळतो. रेडिएटरची कोर गळू लागली तर बाहेरचे टँक तेच ठेवून नवी कोर बसवून मिळते. मात्र या कारागिरांचा हात ट्रकला सरावलेला असतो, हे विसरून चालत नाही. ट्रकच्या बोल्टला लागणारा जोर अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडर हेडवर पडला तर चुडी निघून येते. हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि तीन टप्प्यांत आवळून घ्यावेत. मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी या बाबतीत सवलत नको.

सर्वांत जास्त लक्ष सांगाड्याकडे हवे. कोकणचा पाऊस आणि खाडीची खारी हवा नळ्यांना बाहेरून जेवढे खातात त्याहून जास्त आतून खातात. पाणी शिरते ते बॉडीच्या बोल्टच्या भोकांतून, रिव्हेटमधून आणि जोडाच्या कोपऱ्यांतून. पावडर कोटिंगने गंज थांबतो असा समज आहे. प्रत्यक्षात कोटिंगला एक चीर गेली की गंज तिच्या आड लपून पसरतो. दरवर्षी पाऊस संपल्यावर गाडी जॅकवर घेऊन फ्लोअरखालच्या नळ्या लहान हातोडीने ठोकून पाहाव्यात. शाबूत नळी खणखणते, खाल्लेली बद्द वाजते. सर्वांत खालच्या नळ्यांना निचऱ्याची भोके असतील तर तारेने मोकळी करावीत. आत पातळ मेण किंवा गंजरोधक तेल फवारावे आणि ते काम कोरड्या हिवाळ्यात करावे, कारण ओल्या नळीत तेल मारले तर ओल आतच कोंडते.

नळी बदलायची झाली तर त्याच मापाची आणि त्याच जाडीची घ्यावी. जाड नळी जास्त मजबूत, हा हिशेब येथे लागू पडत नाही. कडक झालेला एक भाग शेजारच्या जोडावर ताण टाकतो आणि पुढची चीर तिथे जाते. सोळा गेजची नळी जेमतेम १.६ मिलिमीटर जाडीची असते. ट्रकच्या चासीला लावतात तो जाड वेल्डिंग रॉड तिला लावला तर जोडाऐवजी भोक पडते. अशा कामाला आर्गन किंवा सीओटू वेल्डिंगच मागावे. त्याआधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, पेट्रोलची टाकी उतरवावी आणि बॉडीही शक्यतो उतरवावी, कारण फायबरमधले रेझिन पेट घेते. आधी सगळीकडे टाके मारून कर्णाची मापे तपासावीत. दोन्ही कर्ण जुळले तरच पूर्ण वेल्डिंग करावे. सांगाडा एकदा वाकडा जोडला गेला की कितीही अलाइनमेंट केले तरी गाडी एका बाजूला ओढत राहते.

फायबरच्या बॉडीला गंज चढत नाही, पण चिरा जातात. बोल्टभोवती ताऱ्यासारख्या फुटलेल्या चिरा म्हणजे बोल्ट फार आवळला आहे. तिथे रुंद वॉशर आणि रबराचा पॅड घालावा. नुसती पुट्टी भरून रंग मारल्यास चीर काही महिन्यांत परत दिसते. खरी दुरुस्ती म्हणजे चिरेच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या सुमारे बारा पट रुंद उतार घासायचा, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या फायबरला साडेतीन सेंटिमीटर, आणि त्यावर काचतंतूंची मॅट व पॉलिएस्टर रेझिन यांचे थर चढवायचे. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (प्रवेगक) मिसळून घ्यावे आणि हार्डनर शेवटी घालावा. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नयेत. त्यातून आग लागते, स्फोटही होतो. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर चांगला मास्क हवाच. हे काम पावसाळ्यात करू नये. दमट हवेत मॅट ओल धरते आणि थर नीट पकडत नाही. रंगाच्या दुकानात या कामाचा कारागीर मिळाला नाही तर किनाऱ्यावर होड्यांना फायबर मारणारे आहेत. पातळ बॉडीचे काम आहे एवढे त्यांना आधीच सांगितले म्हणजे पुरे.

किट कारचे विजेचे बिघाड पुष्कळदा अर्थिंगपाशी सापडतात. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचे काम करते. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला आणि पंपाला चासीपर्यंत वेगळी अर्थिंगची तार लागते. इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवाही मिणमिणतो, हे सैल किंवा गंजलेल्या अर्थिंगचे ठळक लक्षण आहे. दिवा चालू ठेवून त्याच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मल्टिमीटर लावावा. ०.२ व्होल्टहून जास्त दाखवला तर जोड उघडून घासावा, आवळावा आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. इंजिन आणि चासी यांच्यामधली जाड पट्टीही याच वेळी पाहावी.

कळंबोली सर्कलला वाहने खोळंबली की अशा गाडीच्या कूलिंगची परीक्षा होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर समोरून वारा मिळतो, सर्कलला सगळा भार पंख्यावर पडतो. अशा बुटक्या गाडीत रेडिएटर इंजिनाच्या डोक्यापेक्षा खाली असला की पाणी बदलताना हवा अडकते. भरताना गाडीचे नाक उंच ठेवावे आणि वरचा होज सैल करून हवा सोडावी. नुसते नळाचे पाणी कधीही घालू नये. लोखंडी ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचे हेड असले की गंजरोधक नसलेले पाणी हेड आतून पोखरते. कूलंट दोन वर्षांनी बदलावे.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे पडदे त्याने फुगतात किंवा कडक होतात. टाकी फायबरची असेल तर तिचे रेझिन सुटू लागते आणि त्याचा चिकटा जेटमध्ये बसतो. तेव्हा सगळे पाइप इथेनॉल चालणारे घ्यावेत आणि फायबरची टाकी काढून धातूची बसवावी. हा खर्च टाळण्यासारखा नाही, कारण गळका पाइप गरम मॅनिफोल्डशेजारून जातो. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर रिकामे करावे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून आपल्याकडे ते दरवर्षी बदललेले बरे. टायरची झीज पाहून फसू नये. अशी गाडी वर्षात थोडीच फिरते आणि टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर छापलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. सस्पेन्शनच्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढून ठेवली तर सैल झालेला नट नजरेनेच कळतो. नायलॉनचे नट एकदा खोलले की नवेच लावावेत.

शेवटी कागदपत्रे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचना बदलता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा नियम पुन्हा बजावला आहे. इसुझू काढून नवे इंजिन घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. इंजिन विकत घेण्याआधी पनवेलच्या आरटीओत विचारावे, नंतर नव्हे. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते आणि नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर त्या वेळी स्पष्ट वाचता आला पाहिजे. वेल्डिंग किंवा पावडर कोटिंग करून घेताना त्या जागेला टेप लावून ठेवावी, तिथे ग्राइंडर फिरू देऊ नये आणि कामाच्या आधीचा व नंतरचा फोटो बिलासोबत जपून ठेवावा.