फोटोतली आई आणि फोटोबाहेरची आई

मागच्या गळीत हंगामात शाळाबाह्य मुलांची नोंद करायला आम्ही सांगलीजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर गेलो होतो. एका कोपीपुढे विशीही न गाठलेली आई लेकरू मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली होती. आम्ही पटकन मोबाईलवर फोटो काढला आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. 'बिचारी', 'एवढ्याशा वयात मूल!', 'या लोकांना शिक्षणाचं काही पडलेलंच नसतं', अशी उत्तरं आली.

दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "मॅडम, फोटो काढला, पण नाव नाही विचारलंत."

आम्ही खजील झालो. मग बोलणं निघालं. पहाटे उठून ती नवऱ्याबरोबर फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. मुकादमाची उचल दोघांच्या मिळून एका 'कोयत्या'वर. खाडा झाला की पैसे कापले जातात. गावी सांभाळणारं कुणी नाही, म्हणून लेकरू बरोबर. आणि पत्र्याच्या पेटीत दहावीची पुस्तकं! यातलं काहीच आमच्या फोटोत नव्हतं.

अशी चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो घेतला. तो जगभर गाजला, पण तिचं नाव, फ्लॉरेन्स थॉम्पसन, लोकांना कळायला १९७८ उजाडलं. फोटोबद्दल ती नाराजच होती. पेशावरजवळच्या छावणीतली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी १९८५ मध्ये मासिकाच्या मुखपृष्ठावर आली. शरबत गुला हे तिचं नाव २००२ मध्ये कळलं. तोवर ती लेकरांची आई झाली होती.

याउलट पत्रकार पी. साईनाथ यांचं काम पाहावं. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत त्यांनी कष्टकरी बायकांचे फोटो काढले आणि त्यांचं प्रदर्शन मांडलं. त्यात बाई 'बिचारी' नाही. राबणारी, घर चालवणारी आहे. पाहणाऱ्याला दया येत नाही, हिशेब सुचतो: एवढं काम, आणि मोजणीत कुठंच नाही?

हे आपल्यालाही लागू आहे. बुरख्यातली तरुण आई दिसली की बाहेरचे लोक तिची सगळी कहाणी आपल्या मनानंच लिहून टाकतात. ते आपल्याला झोंबतं. मग कोपीतल्या आईबद्दल आपण तीच बदगुमानी का करावी?

याचा अर्थ लवकर लग्न योग्य, असा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. हा दोष कुणा एका जमातीचा नाही. लग्न ठरवतात मोठी माणसं, आणि बोल लागतो त्या पोरीला. बहिणींनो, घरात मुलीचं लग्न निघालं तर अठरा पूर्ण होईपर्यंत थांबा. आणि जी आई होऊन बसली आहे, तिला शिकायची वाट मोकळी ठेवा.

ग्रुपवरचा तो फोटो आम्ही काढून टाकला. पोरीला १७ नंबरच्या फॉर्मची माहिती दिली: शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि एक फोटो. हा फोटो मात्र तिच्या नावासकट लागेल.